पोरगा उंच आहे, म्हणून?

मार्च उजाडला की मेलबर्नच्या ऑफिसांमधे एक साथ येते. ताप नाही, खोकला नाही, पण माणूस बडबडायला लागतो. कॉफीच्या मशीनपाशी, लिफ्टमधे, स्टँड-अप संपल्यावरच्या दोन मिनिटांत कोणीतरी जवळ येतो आणि गुपित सांगावं तसं सांगतो, "ह्या वर्षी तो पोरगा चमकणार बघ. मी घेतलाय." तो पोरगा दर वर्षी वेगळा असतो आणि तरी तोच असतो. वय एकोणीस-वीस, उंची साडेसहा फुटांच्या आसपास, खांदे अजून भरायचेत, ड्राफ्टमधे पहिल्या पाचात निवडलेला. सराव सामन्यात तिघांच्या डोक्यावरून त्याने घेतलेल्या एका झेलाची क्लिप सगळ्यांनी आठ-आठ वेळा पाहिलेली असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. फॅन्टसी संघात तरुण की फॉरवर्ड घेऊ नका. नावाजलेला असेल तर मुळीच नको. आणि एवढं सांगूनही घेतलात, तर निदान जूनमधे त्याच्या नावाने बोटं मोडू नका. चूक त्याची नसते.

(हा 'की' म्हणजे 'मोक्याचा' ह्या अर्थाचा. 'मी म्हणालो की' मधला नव्हे.)

ज्यांचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. मैदान लंबगोल, बऱ्याचदा क्रिकेटचंच. उन्हाळ्यात एमसीजीवर कसोटी बघता ना, हिवाळ्यात त्याच हिरवळीवर हे लोक एकमेकांना आडवे करतात. एका बाजूला अठरा जण. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू मारला तर गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', १ गुण. किमान पंधरा मीटर आलेली किक हवेत स्वच्छ पकडली तर तो 'मार्क', मग कोणी हात लावायचा नाही, तुम्ही शांतपणे पुढची किक मारायची. की फॉरवर्ड म्हणजे गोलसमोर उभा असलेला तो उंच गडी, ज्याच्या दिशेने सगळे लांब किक मारतात. त्याने दोन-तीन बचावपटूंच्या गर्दीत उडी मारायची, झेल घ्यायचा आणि गोल करायचा. मैदानावरचं सगळ्यांत कठीण काम. लोक तिकीट काढून त्यालाच बघायला जातात.

फॅन्टसीत तुम्हाला ठरावीक रक्कम मिळते. तेवढ्यात बावीस जणांचा संघ उभा करायचा (सहा बचावाचे, आठ मधले, दोन रक, सहा फॉरवर्ड) आणि वर बेंच. खरा खेळाडू शनिवारी मैदानात जे करतो त्याचे गुण तुमच्या खात्यात. ड्रीम-इलेव्हनवर एका रात्रीसाठी संघ लावायची सवय असलेल्यांनी (ते पैशांचे खेळ २०२५ च्या कायद्याने भारतात बंदच झाले म्हणा) एक फरक लक्षात घ्यावा. इथे संघ मार्चपासून ऑगस्टपर्यंत नांदवायचा असतो. ट्रेड मोजके. चुकीची सून आणली तर महिनोन्‌महिने ती घरात.

आता दरपत्रक बघा. एएफएल फॅन्टसीत किकला ३, हँडबॉलला २, मार्कला ३, टॅकलला ४, गोलला ६, बिहाइंडला १. रकने उडी मारून चेंडू टोलवला की १. फ्री किक मिळवली तर १, आणि तुमच्या चुकीमुळे समोरच्याला मिळाली तर उणे ३.

एकदा शांतपणे हिशेब करू. आपल्या पोराने अफाट मेहनत करून, बरगडीत गुडघा खाऊन मार्क घेतला आणि गोल मारला. मार्क ३, किक ३, गोल ६. झाले १२. तिकडे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक बचावपटू एकटाच उभा आहे. त्याच्याकडे सहकाऱ्याने वीस मीटरची अलगद किक मारली, त्याने पकडली, तो तशीच अलगद किक तिसऱ्याला मारतो. कोणी अंगावर आलं नाही, स्कोअर हलला नाही. त्याचे ६. असं दोनदा केलं की १२. म्हणजे जिवावर उदार होऊन केलेला एक गोल बरोबर बागेत फिरल्यासारखे दोन झेल!

अजून पुढे जाऊ. समजा पोराचा दिवस सोन्याचा आहे. सात मार्क, त्यावर सात किक, त्यात ५ गोल आणि २ बिहाइंड. मार्कचे २१, किकचे २१, गोलचे ३०, बिहाइंडचे २. ७४ झाले. दोन हँडबॉल आणि एक टॅकल द्या, ८२. पाच गोल! दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा अर्धं पान फोटो. आणि त्याच सामन्यात पंधरा किक, बारा हँडबॉल, चार मार्क, पाच टॅकल करणारा, एकही गोल न मारलेला, नावही कोणाच्या लक्षात न राहणारा मिडफिल्डर १०१ वर. तो हे पुढच्या आठवड्यातही करेल. त्याच्या पुढच्याही. आपल्या पोराचा पुढचा आठवडा मात्र असा असतो: चार मार्क, पाच किक, दोन बिहाइंड, तीन हँडबॉल, एक टॅकल, आणि उडी मारताना बचावपटूच्या पाठीत हात गेला म्हणून दोनदा दंड. ३३. आणि तुम्ही मागच्या आठवड्यातल्या ८२ वर खूश होऊन त्याला बेंचवरून आत आणलेलं असतं.

आपल्या धंद्यातल्या लोकांनी तरी हे ओळखायला हवं. एके काळी प्रोग्रामरचं काम कोडच्या ओळी मोजून ठरवायचे. पाचशे ओळी लिहिणारा हुशार, आणि तीन दिवस डोकं खाजवून चार ओळींत मूळ बग मारणारा आळशी. फॅन्टसीचं दरपत्रक म्हणजे तेच. ते चेंडूला किती वेळा हात-पाय लागला हे मोजतं, त्याने काय घडलं हे फारसं मोजत नाही. 'मग दरपत्रकच बदला' असं कोणी म्हणेल. खुशाल बदला, पण बदलेपर्यंत खेळ ह्याच दराने चालणार आहे. ज्या अप्रेजलमधे ओळी मोजल्या जाणार हे आधीच माहीत आहे, तिथे तुम्ही टीममधे कोणाला घ्याल?

सुपरकोच खेळणारी मंडळी आता नाक वर करतील. मान्य, तुमचा हिशेब थोडा शहाणा आहे. तिथे प्रत्येक सामन्यात एकूण ३,३०० गुण वाटले जातात, गर्दीत झुंजून घेतलेल्या मार्कला भाव जास्त, वाया गेलेल्या किकला कमी, आणि अटीतटीच्या शेवटी केलेल्या गोलचं वजन वाढतं. की फॉरवर्डला तिथे न्याय जरा बरा मिळतो. पण त्याचे चढउतार तिथेही जात नाहीत, कारण ते दरपत्रकातून येत नाहीत, कामाच्या स्वरूपातून येतात. मिडफिल्डर चेंडूकडे जातो, की फॉरवर्डकडे चेंडू यावा लागतो. मधल्या फळीने मार खाल्ला तर तो बिचारा दोन तास खांबापाशी उभा राहून समोरच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. जून-जुलैच्या पावसात चेंडू साबणाच्या वडीसारखा होतो, त्याला हवेत कोण पकडणार? डॉकलँड्सच्या मैदानाला सरकतं छप्पर आहे, बाकी बहुतेक ठिकाणी आकाश.

आता किंमत. इथेच नवखे फसतात. ड्राफ्टमधून नुकत्याच आलेल्या पोराची फॅन्टसीतली सुरुवातीची किंमत त्याच्या ड्राफ्ट क्रमांकावरून ठरते. पहिला क्रमांक सगळ्यांत महाग, मग उतरती भाजणी. खरे क्लब पहिला क्रमांक खर्च करतात तेव्हा ते दहा वर्षांचा विचार करत असतात. २००८ ते २०१४ ह्या सात ड्राफ्टांत पहिल्या क्रमांकावर गेलेल्यांपैकी चार जण की फॉरवर्ड होते: जॅक वॉट्स, जॉनथन पॅटन, टॉम बॉइड, पॅडी मॅकार्टिन. क्लबचं गणित कदाचित बरोबरही असेल, पण ते त्यांचं गणित आहे. तुम्हाला दहा वर्षांची नाही, दहा आठवड्यांची पडलेली आहे. क्लबने भविष्यासाठी मोजलेली किंमत तुम्ही वर्तमानासाठी का मोजता?

उदाहरण देतो. २०२० च्या ड्राफ्टमधे सिडनीने चौथ्या क्रमांकावर लोगन मॅकडॉनल्ड हा की फॉरवर्ड घेतला आणि बत्तिसाव्या क्रमांकावर एरल गुल्डन. दोघांचंही पदार्पण २०२१ च्या पहिल्याच फेरीत, एकाच सामन्यात. मॅकडॉनल्ड उंच, देखणा, महाग. गुल्डन बुटका, डावखुरा, स्वस्त, पण दिवसभर धावून चेंडू गोळा करणारा. पुढे २०२३ मधे तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात गेला. दुसरं उदाहरण २०२२ च्या ड्राफ्टचं. पहिला ॲरन कॅडमन, की फॉरवर्ड. तिसरा हॅरी शीझल. शीझलही तसा फॉरवर्ड म्हणूनच आला होता, पण नॉर्थ मेलबर्नने त्याला बचावात उभं केलं, जिथे चेंडू आपसूक हातात येतो. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात त्याने ३४ वेळा चेंडू पुढे दिला. त्यातला प्रत्येक हँडबॉल होता असं धरलं तरी ६८ गुण होतात, आणि मार्क-टॅकल अजून मोजलेच नाहीत. वर्षाअखेरीला 'रायझिंग स्टार' पुरस्कारही त्यालाच. कॅडमन वाईट खेळाडू आहे का? अजिबात नाही. तो फक्त त्याच्या वयाच्या की फॉरवर्डसारखा खेळत होता.

ह्या स्वस्त नवख्यांना फॅन्टसीवाले दुभती गाय म्हणतात. ती खेळत राहते, किंमत वाढत जाते, योग्य वेळी विकून मोठा खेळाडू आणायचा. दुभत्या गाईच्या लाथा गोड, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर लाथेलाच ३ गुण आहेत :-) पण उंच पोराच्या लाथाच मुळात कमी! किंमत शेवटच्या काही सामन्यांच्या सरासरीवर हलते. ३३, ८२, ४०, २८ अशी गाडी असली की एका आठवड्यात चढलेलं पुढच्या तीनात उतरतं. आणि सगळे विकत कधी घेतात? ८२ झाल्यावर. शेअरबाजारात ह्याला जे म्हणतात ते सभ्य ब्लॉगवर लिहीत नाही.

वयाबद्दल. अठराव्या वर्षी ड्राफ्ट झालेला मिडफिल्डर पहिल्या वर्षी धावू शकतो, फुप्फुसं असली की झालं. की फॉरवर्डला मात्र अठ्ठावीस वर्षांच्या, दहा वर्षं जिममधे घालवलेल्या, कुस्तीगीरासारख्या बचावपटूशी अंगाने झगडावं लागतं. ती ताकद विकत मिळत नाही, वयानेच येते. कार्लटनने घेतलेले दोघे बघा, हॅरी मॅके आणि चार्ली कर्नो. दोघेही २०१५ च्या ड्राफ्टचे, दहावा आणि बारावा क्रमांक. सर्वाधिक गोलांचं कोलमन पदक मॅकेला मिळालं २०२१ मधे, कर्नोला २०२२ आणि २०२३ मधे. मधे कर्नोचे गुडघे जवळजवळ दोन हंगाम खाऊन गेले. जेसी होगन २०१५ चा रायझिंग स्टार, त्या वर्षी ४४ गोल, सगळ्यांना वाटलं आला बाबा पुढचा राजा. त्याचं कोलमन पदक आलं २०२४ मधे, तिसऱ्या क्लबकडून. ॲडलेडचा रायली थिल्थॉर्प २०२० च्या ड्राफ्टचा दुसरा क्रमांक, खरा बहरला तो २०२५ मधे. पाच, सहा, नऊ वर्षं. तुमचे ट्रेड तेवढी वाट बघणार आहेत?

"पण फ्रँकलिनचं काय?" हा प्रश्न येणारच. तो न आलेला वाद मी अजून ऐकलेला नाही. लान्स फ्रँकलिनने २००८ मधे, एकविसाव्या वर्षी, ११३ गोल मारले. जेरेमी कॅमेरॉनने २०१३ मधे, विसाव्या वर्षी, ६२ मारले, आणि तेही अशा संघाकडून जो अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकला. दोन्ही खरं. पण फ्रँकलिननंतर आजवर कोणी हंगामात शंभरी गाठलेली नाही, ह्यातच उत्तर आलं. गल्लीतला प्रत्येक डावखुरा मुलगा युवराज सिंग होईल म्हणून आपण घराच्या काचा बदलून ठेवत नाही. हे दोघे अपवाद म्हणून लक्षात आहेत. ज्यांच्यावर त्याच वयात तेवढाच विश्वास टाकला आणि ज्यांचं काही झालं नाही, त्यांची यादी कोणी पाठ करत नाही.

मग घ्यायचाच नाही का कधी? तळाच्या किमतीत मिळत असेल, संघात जागा पक्की असेल आणि तुम्ही त्याला बेंचवर ठेवणार असाल, तर घ्या, माझी ना नाही. रकचं काम अधूनमधून करत असेल तर दोनदा विचार करा, कारण मग गोलशिवायही गुण येतात. वेस्टर्न बुलडॉग्जचा सॅम डार्सी २०८ सेंटिमीटरचा आहे, त्याला मधे उडी मारायला पाठवणं साहजिक आहे. आणि निक रीवोल्टसारखा कोणी असेल, जो खांबापाशी न थांबता विंगपर्यंत धावत जाऊन मार्क गोळा करतो, तर तो नावाचा की फॉरवर्ड, फॅन्टसीसाठी अर्धा मिडफिल्डरच. रीवोल्ट वर्षानुवर्षं गुणांच्या राशी ओतायचा ते त्यामुळे. बाकी तुमच्या सहा फॉरवर्डांच्या जागा अशांना द्या जे कागदावर फॉरवर्ड आणि प्रत्यक्षात मधे खेळतात. २०२२ मधे जॉश डंकली कागदावर फॉरवर्ड होता. ज्यांच्याकडे तो होता ते त्या वर्षी फार प्रसन्न चेहऱ्याने फिरत होते.

इथपर्यंत फॅन्टसीचा सल्ला झाला. माझा खरा राग पुढे आहे.

जे लोक मार्चमधे त्या पोराला डोक्यावर घेतात तेच जूनमधे त्याला शिव्या घालतात. आपापसात घातल्या तर ठीक, आपण सगळेच घालतो. पण हल्ली थेट त्याच्या अकाउंटवर जाऊन लिहितात. "तुझ्यामुळे माझी लीग गेली." अरे, एकोणीस वर्षांचा मुलगा आहे तो! आपल्याकडे ह्या वयाच्या मुलाला आई मेसचा डबा नीट खातोस ना विचारते. त्याने तुला काही कबूल केलं होतं का? तू त्याला एका दरपत्रकात घातलंस, ते दरपत्रक त्याच्या कामासाठी बनलेलंच नाही, आणि आता त्याच दरपत्रकावरचा आकडा त्याच्या तोंडावर फेकतोस.

टॉम बॉइडची गोष्ट ह्या लोकांना रोज वाचायला लावली पाहिजे. २०१३ च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक. एका वर्षात जीडब्ल्यूएसकडून बुलडॉग्जकडे, सात वर्षांचा, सुमारे सत्तर लाख डॉलरचा करार. वय एकोणीस. त्या दिवसापासून त्याचा प्रत्येक शनिवार त्या आकड्याने भागला गेला. पैसे इतके, गोल किती? त्याच ड्राफ्टमधे चौथा आलेला मार्कस बाँटेम्पेली त्याच संघात मधे खेळत होता, त्यामुळे तुलना घरचीच. मग आली २०१६ ची ग्रँड फायनल, सिडनीविरुद्ध. बुलडॉग्जनी १९५४ नंतर विजेतेपद पाहिलं नव्हतं. बॉइडने त्या दिवशी ३ गोल मारले. शेवटच्या क्वार्टरमधला त्याचा गोल मैदानाच्या मधल्या चौकोनातून गेला, चेंडू टप्पे खात खात खांबांमधून आत. बासष्ट वर्षांची वाट संपली. फुटस्क्रेच्या रस्त्यांवर म्हातारी माणसं रडली.

फॅन्टसीच्या दराने त्या तीन गोलांचे, किक धरून, २७ गुण. साडेचार निवांत झेल.

२०१७ मधे बॉइडने मानसिक आरोग्यासाठी खेळातून सुट्टी घेतली, आणि तसं उघडपणे सांगितलं. २०१९ च्या मे महिन्यात, करार बाकी असताना, तेविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. तेव्हासुद्धा 'पैसे वाया गेले' म्हणणारे होतेच. बासष्ट वर्षांचा दुष्काळ संपवायची किंमत ह्यांच्या मते नक्की किती असायला हवी होती, हे कोणी सांगितलं नाही. मॅकार्टिनचंही तसंच. २०१४ चा पहिला क्रमांक, त्याच्यामागे दुसरा ख्रिश्चन पेट्राका. मॅकार्टिनच्या डोक्याला इतक्या वेळा मार बसला की सेंट किल्डाकडची कारकीर्दच संपली. २०२२ मधे सिडनीने त्याला बचावपटू म्हणून उभं केलं, ग्रँड फायनलपर्यंत नेलं, आणि २०२३ मधे पुन्हा डोक्याच्याच दुखापतीने खेळ सुटला. उडी मारताना डोकं पुढे जातं, तो ह्या कामाचा भाग आहे. 'घेण्यात चूक झाली, पेट्राका घ्यायला हवा होता' असं म्हणणारे ह्या मुलाच्या डोक्याबद्दल बोलत नसतात, स्वतःच्या आकड्यांबद्दल बोलत असतात.

म्हणून म्हणतो, घेऊ नका. संघात नसला की त्याने तिसऱ्या क्वार्टरमधे सोपा गोल चुकवला तरी तुमच्या तोंडून "अरेरे" निघतं, शिवी निघत नाही. आमच्या लीगमधल्या एकाने मागे विचारलं, "मग तुला फुटी आवडते की फॅन्टसी?" मी म्हटलं, दोन्ही, पण एकाच ताटात कालवून नाही.

ह्या वर्षीही माझ्या सहा फॉरवर्डांत उंच पोरगा नाही. सहाही जण बुटके, धावरे आणि कंटाळवाणे आहेत. शनिवारी मात्र एमसीजीवर गोलमागच्या रांगेत बसणार आहे, उंच पोरगा ज्या टोकाला उड्या मारतो तिथे. कोणी येणार असाल तर सांगा. दर क्वार्टरनंतर टोकं बदलतात, तेव्हा अर्धा वेळ तो आपल्याला लांबूनच दिसेल. दुर्बीण आणा.